कापसाचे दोन बोळे

एक सुपारी नाहीशी करण्यासाठी सहा महिने विचार करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि तो माझ्या नशिबी सासरा म्हणून आला. बाबांना जादूचे प्रयोग येत होते ते मोजून दहा-बारा. पण कोणासमोर कोणता करायचा आणि कोणत्या वस्तूने करायचा, हे ठरवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. उरलेलं अर्धं बुऱ्हाणपुरातल्या एका कापड दुकानात गजाने कापड मोजण्यात गेलं, आणि तिथेही त्यांचं लक्ष गिऱ्हाइकाच्या हातात काय आहे याकडे असायचं.

पत्त्यांना त्यांनी जन्मात हात लावला नाही. पत्ते काढले की समोरचा माणूस सावध होऊन बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. वस्तू त्याच घरातली हवी, आणि समोरच्याने ती त्याच दिवशी सहज हाताळलेली हवी. त्यामुळे कुणाकडे गेले की बाबा आधी घर न्याहाळत बसायचे. कंगवा, काडेपेटी, चष्म्याची दोरी, देवापुढचं कुंकू. यजमानांना वाटायचं, पाहुण्यांचं काहीतरी हरवलंय. पुतणीच्या लग्नात लोकांनी फार आग्रह केला तेव्हा ते विचारात पडले, आणि त्यांची निवड पक्की झाली तोवर मांडववाले कनाती सोडत होते. मग त्यांनी तो प्रयोग त्या मांडववाल्यांना दाखवला. चौघेही बांबू खाली ठेवून बघत उभे राहिले.

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं, उलटसुलट करून बराच वेळ पाहिलं आणि परत दिलं. म्हणाले, "हे नको. तुम्ही याला फार जपता." मी समजलो, नकार आला. घरी येऊन तसं सांगूनही टाकलं. चार दिवसांनी होकाराचा निरोप आला.

या सगळ्यावर परीक्षक एकच, आई, म्हणजे माझ्या सासूबाई. कोणताही प्रयोग आधी त्यांच्यासमोर व्हायचा. त्या लसूण सोलत असायच्या, भाजी निवडत असायच्या, आणि मान फारशी वर न करता सांगायच्या, "डाव्या मुठीत आहे. चला, ताट वाढलंय." बाबा रागावत नसत. जिथे पकडलं गेलं तेवढी जागा दुरुस्त करून आठवड्याने पुन्हा हजर होत. चाळीस वर्षांत त्यांनी गावातल्या पुष्कळ लोकांना चकित केलं, पण आईंना एकदाही नाही. हे ते स्वतःच कौतुकाने सगळ्यांना सांगत.

मग काचबिंदूने आईंची दृष्टी गेली. आधी एका डोळ्याची, दोन वर्षांत दुसऱ्याची. त्या रडल्या नाहीत. फक्त बोलणं कमी करत गेल्या. भाजीत मीठ कमी पडलं तरी काही म्हणेनात, आणि हे आम्हाला सगळ्यात जड गेलं. एकदा बाबांनी सवयीने सुपारी काढली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "आता मला दाखवून काय फायदा? राहू द्या ना." बाबांनी सुपारी डब्यात परत ठेवली.

त्या दिवसापासून त्यांची शेवटची निवड सुरू झाली. न पाहता, फक्त हाताला कळेल असा प्रयोग त्यांना हवा होता. जे घडायचं ते आईंच्याच मुठीत घडायला हवं होतं. वर्षभर ते स्वयंपाकघरातले डबे उघडत आणि लावत राहिले. दर रविवारी मला बोलावणं यायचं. मी डोळे मिटून हात पुढे करून बसायचो, आणि ते माझ्या तळहातावर एकेक वस्तू ठेवायचे. दोन सुपाऱ्या एकमेकींवर वाजल्या. चिंचोके घसरले. रबराला वास आला. "दोन वस्तू एक वाटल्या पाहिजेत, जावईबापू," ते पुन्हा पुन्हा म्हणत. माझी बायको दारातून म्हणायची, "बाबा, यांना जेवू तर द्या." माझा हात मुंग्या येऊन बधिर व्हायचा, पण त्यांचं तोंड बघून उठवत नसे.

शेवटी कापूस ठरला. दोन बोळे एकत्र दाबले की एकच वाटतात. मी सलग तीन रविवार फसलो. बाबांचं समाधान झालं.

एका दुपारी त्यांनी माझ्यासमोर आईंना ओसरीवर बसवलं. एक बोळा तुझ्या हातात ठेवतो, म्हणून त्यांनी आईंची मूठ मिटवली. दुसरा आपल्या हातात आहे म्हणून लपवलेला तिसराच त्यांच्या बोटांना लावून दाखवला, मग नाहीसा केला आणि आपले दोन्ही रिकामे तळहात त्यांना चाचपायला दिले. "आता उघड." आईंनी मूठ उघडली. बोटांनी एक बोळा धरला, मग दुसरा. दोन्ही चुरून पाहिले. मग म्हणाल्या, "अगं बाई. हा इकडे कधी आला हो?"

बाबा उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. त्या संध्याकाळी आई म्हणाल्या की वरणात मीठ नाही.

त्यानंतर सात महिन्यांनी बाबा गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास न देता. तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा मी आईंजवळ बसलो होतो. बोलता बोलता त्या प्रयोगाचा विषय निघाला, आणि त्या सहज म्हणाल्या की हातात ठेवला तेव्हाच ते दोन होते. त्या शाहपूरच्या, बापाच्या शेतात कापूस वेचत वाढलेल्या. बोळ्यात किती कापूस आहे हे त्यांच्या बोटांना विचारावं लागत नाही. घरातल्या शंभर वस्तूंमधून बाबांनी नेमकी तीच एक निवडली, जिच्यात आईंना फसवणं अशक्य होतं. वर्षभर त्यांनी माझा हात तपासला. आईंचं माहेर कशाचं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मी विचारलं, "मग सांगितलं नाहीत?"

"त्यांचा हात कापत होता," त्या म्हणाल्या. "आधी कधी कापला नव्हता."

मग माझ्या आवाजाच्या दिशेने वळल्या.

"जावईबापू, तुम्ही तर तिथेच होता. मी तसं म्हटलं तेव्हा त्यांचं तोंड कसं झालं होतं, मला सांगाल?"

मी सांगू लागलो. कपाळापासून सुरुवात केली, आणि जमेल तितकं हळू सांगितलं.