हलकी बाजू

सामान हलवायच्या धंद्यात पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट कळते. "कपाट रिकामं आहे" असं घरमालक म्हणाला, की आधी कपाट उघडून बघायचं. आत हमखास पुस्तकं निघतात, नाहीतर लोखंडी इस्त्री. हे शिकला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आता सत्तेचाळीस पूर्ण झाली तरी तो कुणाच्याच शब्दावर कपाट उचलत नसे. सगळे त्याला क्रेन म्हणत. ताकदीमुळे हे नाव पडलं होतं, पण मान उंच करून चहूकडे संशयाने बघायची त्याची सवयही त्या नावाला जुळून गेली होती.

त्याचा भागीदार म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. सोळा वर्षं दोघांनी मिळून शहरभराचे फ्रिज, पलंग आणि आरसे जिन्यांवरून चढवले-उतरवले. जिन्यात खालची बाजू कायम क्रेनची. सगळा भार खालच्यावर येतो, आणि तो आपण पेलायचा यात त्याला मोठी ऐट वाटे.

त्या वर्षी थंडी ओसरता ओसरता ती ऐट कुठेतरी गळायला लागली. दुसऱ्या मजल्यावर धाप लागू लागली. तिसऱ्यावर पोटऱ्यांत गोळे. काम संपवून ट्रकमध्ये बसला की हात मांडीवरून उचलवत नसे. एक कपाट चढवलं तर पुढचे दोन दिवस अंग ओल्या गादीसारखं जड. रात्रभर झोपूनही सकाळी थकलेलाच, चेहरा सुजल्यासारखा, पाय गार.

आपण दमतोय हे त्याच्या मनात आलंच नाही. त्याच्या मनात आलं, की वजन वाढलंय. आणि वजन आपोआप वाढत नाही, कुणीतरी वाढवतं. त्याने गिऱ्हाइकांचे ड्रॉवर दोनदोनदा उघडून बघितले. गाद्यांमध्ये हात घातला. एका बाईंना तर त्याने विचारलं, "ह्या सोफ्यात काही शिवून ठेवलंय का?" बाईंनी दुसऱ्या दिवशी दुसरा ट्रक बोलावला.

मग संशयाचा काटा मेहुण्याकडे वळला. वरच्या बाजूने जरा ढील दिली, की सगळा भार खाली येतो, हे क्रेनला पाठ होतं. एकदा निमित्त काढून त्याने बाजू बदलली. वर राहूनही धाप तेवढीच. मग त्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. हल्ली एका अंगाने जड असलेलं सामान आलं, की मेहुणा आधीच धावत जाऊन जड बाजूला उभा राहायचा. "ही मी घेतो भावजी, तुम्ही तिकडं व्हा."

'का बरं?' क्रेनच्या मनात पाल चुकचुकली. 'गिऱ्हाइकासमोर दाखवायचंय, की काम हाच करतो. उद्या म्हणेल, भावजी, तुम्ही आता घरी बसा.'

आणि एका संध्याकाळी तो घरात शिरत असताना स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती. "हो रे, पण त्यांना कळू देऊ नकोस. कळलं तर संपलंच." त्याच्या चपलांचा आवाज येताच तिने फोन ठेवला.

"कुणाचा फोन?"

"भावाचा. सहज."

सहज! पाणी कुठे मुरतंय ते आता त्याला स्वच्छ दिसलं. सख्खी बहीण आणि सख्खा भाऊ, आणि मधे आपण उपरे. त्याला पुरावा हवा होता.

पुढच्याच आठवड्यात एका वकिलाचं घर हलवायचं होतं. त्यांचं लिहायचं टेबल जुन्या सागाचं, एका बाजूला चार ड्रॉवर, दुसरी बाजू मोकळी. मेहुण्याने सवयीप्रमाणे ड्रॉवरची बाजू धरली. तीन मजले उतरवताना क्रेनच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. टेबल खाली टेकवलं आणि मेहुणा लांब उभा केलेला ट्रक आणायला गेला. वकीलसाहेबांच्या सामानात टॉवेलांखाली वजनकाटा होता, हे क्रेनने सकाळी बांधाबांध करतानाच हेरलं होतं.

त्याने काटा काढला. टेबलाच्या एका बाजूचे पाय फळी टाकून त्यावर ठेवले, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच उंचीच्या विटा. मोकळी बाजू, म्हणजे त्याची: एकोणतीस किलो. मग फिरवून ड्रॉवरची बाजू: सत्तेचाळीस.

त्याने पुन्हा मोजलं. तेच आकडे.

मग काटाच खोटा असणार. तो स्वतः काट्यावर उभा राहिला, तर त्याच्या माहितीपेक्षा चार किलो जास्त. "बघ, खोटाच आहे," तो पुटपुटला. खात्री करायला वकीलसाहेबांचं व्यायामाचं डंबेल ठेवलं, त्यावर दहा किलो असा ठसा होता. काट्याने बरोबर दहा दाखवले.

तो टेबलावरच बसला. एकोणतीस किलो. एवढं तर तो पूर्वी एका हाताने, शीळ घालत नेत असे.

मेहुणा ट्रक लावून आला. काटा, फळी आणि विटा बघून त्याचा चेहरा उतरला.

"जड बाजू तू का घेतोस?" क्रेनने विचारलं.

"सहज."

"तुम्हा बहीण-भावांना 'सहज' शिवाय दुसरा शब्द येत नाही का? खरं बोल."

मेहुण्याने फळी उचलून भिंतीला टेकवली. मग खाली बघतच म्हणाला, "भावजी, जिन्यात तुमचे ओठ पांढरे पडताना मी चार महिने बघतोय. ताईला सांगितलं. ती म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस, नाहीतर मुद्दाम जड बाजू धरतील आणि जिन्यातच पडतील."

क्रेनला राग यायला हवा होता. पण बायकोने आपल्याला इतकं अचूक ओळखावं, याचीच त्याला जास्त चीड आली.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, हृदयाची पट्टी काढली, रक्त घ्यायला लावलं. चार दिवसांनी त्या म्हणाल्या, "हृदय चांगलं आहे, साखर ठीक आहे, रक्तही कमी नाही. थायरॉइड ग्रंथी मात्र जरा मंद चालते आहे. ती मंद झाली की हा आकडा चढतो; तुमचा अगदी काठावर आहे."

"काठावर म्हणजे? पाण्यात की बाहेर?"

"पाय ओले झालेत, असं समजा."

"म्हणजे गोळी?"

"एवढ्यात नाही. असे आकडे कधीकधी आपोआप खाली येतात. आणि तुमचा सगळा थकवा यानेच आहे, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. दोन महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर झेपेल तेवढंच काम करा."

बाहेर आल्यावर तो बायकोला म्हणाला, "हिला काही कळलेलं नाही. आजार आहे पण नाही, आणि गोळी आहे पण द्यायची नाही."

त्याच आठवड्यात घरी न सांगता त्याने दुसऱ्या प्रयोगशाळेत रक्त दिलं. आकडा थोडा वेगळा आला. चोर पकडल्याच्या आनंदात दोन्ही कागद त्याने डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवले. त्यांनी शांतपणे दोन्हींवर एकाच ठिकाणी बोट ठेवलं. "आकडा रोज थोडा इकडेतिकडे होतो. पण रेषेच्या वर दोन्ही आहेत, बघा."

आता संशय घ्यायला तो स्वतःच उरला. काठावरचा आजार म्हणजे आळसाला दिलेलं गोंडस नाव, असं त्याने ठरवलं. पहाटे उठून मैदानाला पाच फेऱ्या मारल्या, पळत. घाम निघाला की आळसही निघेल. तिसऱ्या दिवशी बायको चहा घेऊन आली, तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसलेला. एक मोजा पायात, दुसरा हातात. किती वेळ झाला होता कुणास ठाऊक.

"अहो, काय झालं?"

"दुसरा घालवत नाहीये," तो म्हणाला. आणि हे त्याने पहिल्यांदाच कुणाजवळ कबूल केलं.

तिने चहा बाजूला ठेवला, खाली बसून मोजा चढवला आणि एवढंच म्हणाली, "आता मुकाट्याने डॉक्टर सांगतील ते करायचं."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते त्याला अजबच वाटलं. "दमल्यावर थांबू नका, दमायच्या आधी थांबा. दहा मिनिटं चाला, सावकाश. दुसऱ्या दिवशी अंग गळालं नाही, तरच पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं वाढवा." उभ्या जन्मात तो दमायच्या आधी थांबला नव्हता. पण करून बघितलं. दोन महिन्यांनी आकडा आणखी थोडा चढला, तेव्हा त्यांनी गोळी सुरू केली. "लहान मात्रा आहे. काही महिन्यांत फरक नाही पडला, तर बंद करू."

"एवढीशी?" तळहातावरची गोळी बघत तो बायकोला म्हणाला. "एवढ्याने मुंगी तरी हलेल का?" पण रोज सकाळी उपाशीपोटी घेऊ लागला, आणि चहासाठी अर्धा तास घड्याळाकडे रागाने बघत बसू लागला.

आधी पायांचा गारठा गेला. दोन महिन्यांनी सकाळची सूज उतरली. जिना मात्र पूर्वीसारखा झाला नाही. त्याने मेहुण्याला समोर बसवून विचारलं, "मला बाजूला काढायचंय का? स्पष्ट सांग."

"भावजी, तुम्हाला काढलं तर गिऱ्हाइकांची कपाटं कोण उघडून बघणार? मी सगळ्यांवर विश्वास ठेवतो, मग पाठ माझीच मोडते."

त्यांनी उचलायला आणखी एक माणूस घेतला. आता क्रेन आदल्या दिवशी जाऊन घर बघतो, दारं नि जिन्याची वळणं मोजतो, काचसामान स्वतः बांधतो, आणि अधूनमधून हलकी बाजू धरतो. सगळ्यांदेखत. पहिले काही दिवस कान गरम व्हायचे. एका मजल्यानंतर "थांबा" म्हणतो, आणि सगळे थांबतात. काही दिवस बरे जातात, काही नाही. नाही जात त्या दिवशी तो अजूनही गोळीच्या पाकिटावरची तारीख तपासतो.

परवा संध्याकाळी बायकोबरोबर फिरायला निघाला. आता बावीस मिनिटांपर्यंत मजल गेली आहे. कोपऱ्यावरच्या चढाशी त्याचा श्वास जरा जड झाला, आणि नेमकी त्याच क्षणी ती थांबली.

"चप्पल तुटली."

त्याने तिच्याकडे रोखून बघितलं. "माझ्यासाठी थांबलीस ना? खरं सांग."

"अहो, खरंच तुटली."

तो खाली वाकला, चप्पल हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली. पट्टा खरंच मुळातून निघाला होता. तरी त्याने एकदा ओढून बघितला.