लवूचं बिनचूक वळण

चारकोपच्या लवूला आयुष्यात एकदाच पहिलं यायचं होतं. मालवणहून आलेली मंडळी दसऱ्यानंतरच्या रविवारी मार्व्याच्या खाडीत शिडाच्या होड्यांची शर्यत लावायची आणि दरवर्षी लवूचा थोरला भाऊ धोंडू जिंकायचा. गिरणी बंद पडल्यावर धोंडू औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर लागला होता, पण होडीत बसला की त्याचा तोरा वेगळाच.

शर्यतीचा नियम लवूला शिकवला तोही धोंडूनेच, जमिनीवर मधोमध तांब्या ठेवून आणि दोन चपला फिरवून. खाडीत निळं पिंप तरंगत असतं, त्याला वळसा घालायचा. दोन होड्या पिंपापाशी पोचण्याआधी आतल्या होडीचं नाक बाहेरच्या होडीच्या बाजूला लागलं, तर बाहेरच्याने तिला वळायला जागा द्यायची. त्यानंतर नाक घुसवणाऱ्याला काही मागायचा हक्क नाही.

शहाऐंशी साली लवू पुढे होता. धोंडू मागून आला आणि पिंपाच्या बाजूने आत घुसला.

"वाट सोड रे, लवू! माजा नाक लागला!"

"उशिरा लागला, दादा! हक्क नाय!"

खरोखरच उशिरा लागलं होतं. लवूने सुकाणू तसूभर हलवलं नाही. होड्या एकमेकींवर येताना बघून धोंडूने त्या ढकलायला उजवा हात मध्ये घातला, आणि हात दोन्ही होड्यांच्या फळ्यांमध्ये चिरडला. लवू पिंपाला वळसा घालून पहिला आला. मागे कोण ओरडतंय ते त्याला किनाऱ्यावर येऊन कळलं.

तीन बोटं गेली. प्रेसवरचं कामही गेलं, बोटं नसलेल्याला प्रेसवर कोण उभं करणार? पंच म्हणून बसलेल्या नानांपुढे धोंडूने पट्टी बांधलेल्या हातानिशी सांगून टाकलं, "चूक माजी. लवू बरोबर." झालं, निकाल कायम!

लवूला शर्यतीत मिळालेला कप घरात ठेववेना. महिन्याभराने तो नानांकडे गेला.

"नानानू, निकाल फिरवा. माका दोषी धरा."

"कसो धरू? नियमान तुका जागा देऊची गरज नव्हती."

"आणि दिली असती तर?"

"तरी चलला असता. देऊ नको असा नियम खंय म्हणता?"

चपला फिरवताना हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. लवू तसाच धोंडूच्या खोलीवर गेला. वहिनी, सुगंधा, नवऱ्याला भात कालवून देत होती. धोंडू डाव्या हाताने जेवत होता, अर्धी शितं मांडीवर सांडत होती.

"दादा, माका शिवी तरी घाल."

धोंडूने घास गिळला.

"कित्याक? तू बरोबर होतंस," तो म्हणाला, आणि सुगंधाने लवूला बसायला पाट पुढे सरकवला होता तो त्याने पायाने मागे ढकलला.