आमच्या गल्लीत न वाजलेली दवंडी

"वाजवून दाखव," साहेब म्हणाला.

पालिकेच्या सभागृहात पंखे गरगरत होते. आमच्या गल्लीतली चाळीसेक माणसं भिंतीला धरून उभी होती, कारण खुर्च्यांवर बाजारातले व्यापारी बसले होते. मधल्या मोकळ्या जागेत माझा बाप. डोक्याला धुतलेला फेटा, काखेत हलगी. शिपाई सकाळीच येऊन सांगून गेला होता, "हलगी घेऊन बोलावलंय." बापाला वाटलं नवी दवंडी द्यायची असेल. म्हणून तो फेटा बांधून गेला.

साहेबानं एक कागद वर धरला. "हे लोक म्हणतात, घरं पाडली, पण त्याची खबर आम्हाला आधी मिळाली नाही. हा अहवाल म्हणतो, सर्व भागांत दवंडी दिली. खाली अंगठा आहे. तुझाच ना?"

"व्हय साहेब."

"मग ह्यांना ऐकू आली नाही म्हणे. वाजवून दाखव. बघू आता तरी येते का ऐकू."

खुर्च्यांवर हशा पिकला.

बापानं वाजवली. हलगी शेकलेली नव्हती, कातडं गार होतं, आवाज बद्द निघाला. दोन ठोके लांब, तीन जवळ. सवयीनं तोंडही उघडलं. "ऐका हो ऐका," एवढं म्हणाला आणि थांबला. पुढं सांगायला त्याच्याकडं काही नव्हतं. साहेब भिंतीकडं बघून म्हणाला, "आली ना ऐकू? चला. पुढचा विषय."

मी एकोणीस वर्षांची होते. दाराशी उभी. बापानं ती हलगी तिथंच टेबलावर आपटायला हवी होती. त्यानं ती परत काखेत घेतली आणि साहेबाला हात जोडले. त्या दिवशी मला साहेबापेक्षा बापाचा राग जास्त आला. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. आजोबांच्या काळात आमची मातंगांची गल्ली वेशीबाहेर होती. मग गाव वाढलं. भूमकडं जाणारा रस्ता रुंद झाला, एसटी स्टँड आलं, त्याला लागून दुकानं आली, आणि आम्ही न हलता बाजाराच्या मधोमध आलो. ज्या जागेवर गावाला आमची सावली नको होती, तिथं आता गावाला गाळे आणि पार्किंग हवं होतं.

दवंडीचं काम आमच्या घरात तीन पिढ्या. हल्ली पोरांना दवंडी म्हणजे काय ते सांगावं लागतं. पाणी कधी सुटणार, घरपट्टीची मुदत कधी संपणार, कुणाच्या जागेची मोजणी आहे, हे हलगी वाजवत गल्लोगल्ली ओरडून सांगायचं. कागदावर तो रकाना अजून आहे. नोटीस चिकटवली का? दवंडी दिली का? दोन्हीपुढं बरोबरची खूण लागते.

बापाची वाट ठरलेली होती. वेस, कापडलाइन, सराफलाइन, देवळामागची आळी, मशिदीपुढून धान्याचा मोंढा, आणि परत कचेरी. मधे आमच्या गल्लीचं तोंड लागायचं. तिथं आला की हलगी काखेत जायची. तीसेक पावलं तो मुका चालायचा. गल्लीचं तोंड मागं पडलं की पुन्हा ठोका. लहानपणी मला वाटायचं, तो हाताला आराम देतोय. मोठी झाल्यावर एकदा विचारलं, "आबा, आपल्या गल्लीत का वाजवत न्हाय?"

तो म्हणाला, "आपलं काम सांगायचं. आपल्याला काय सांगायचंय?"

त्याच्या बापानं वाजवली नव्हती, बापाच्या बापानं वाजवली नव्हती. गावाची बातमी गावाला. आम्ही ती घेऊन फिरणारे. आम्हीही गावात मोडतो, हे कुणी कधी बापाला सांगितलं नाही आणि त्याच्याही डोक्यात आलं नाही.

आता जे लिहायचंय ते मी नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही.

त्या दवंडीचा कागद बापाला मीच वाचून दाखवला.

बाप शाळेत गेलेला नव्हता. कचेरीतून कागद मिळाला की मी तीनदा वाचायची आणि त्याला तो पाठ व्हायचा. शब्दाला शब्द. त्या सकाळी माझी कॉलेजची परीक्षा होती. वेणी घालत घालत मी वाचलं. जुनी बाजारपेठ पुनर्विकास, नगर भूमापन क्रमांक चारशे अकरा ते चारशे चौतीस, हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे. बापानं आकडे घोळवले. "चारशे अकरा ते चारशे चौतीस," तो चपला घालताना म्हणत होता. मी एकदाही विचारलं नाही की हे नंबर कुणाचे. आमच्या पत्र्याच्या पेटीत घरपट्टीची पावती होती. तिच्या वरच्या कोपऱ्यात चारशे एकोणीस लिहिलेलं होतं. आमच्या गल्लीला कुणी बाजारपेठ म्हणेल, हे आम्हा बापलेकींच्या स्वप्नातही नव्हतं. सगळं गाव तिला वेगळ्याच नावानं हाक मारायचं. ते नाव मी इथं लिहिणार नाही.

तर बाप निघाला. कापडलाइनीत एका शेठनं त्याला थांबवलं, "नंबर परत सांग." बापानं सांगितले. सराफलाइनीत पुन्हा सांगितले. लोकांनी पेनानं हातावर लिहून घेतले. पंधरा दिवसांत त्या सगळ्यांच्या हरकती आणि गाळ्यांच्या मागण्या कचेरीत पोचल्या आणि नव्या इमारतीत त्यांचे गाळे पक्के झाले. माझा बाप स्वतःच्या घराचा नंबर साऱ्या गावाला ओरडून सांगत फिरला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यानं हलगी काखेत घातली आणि गप्प चालत पुढं गेला. संध्याकाळी नेहमीसारखा कचेरीत जाऊन अंगठा दिला.

मशीन आलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. चोवीस घरं दुपारपर्यंत संपली. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आले, 'बाजारपेठेचा कायापालट', खाली टाळ्यांचे हात. आमच्यातलं त्या ग्रुपमध्ये कुणी नव्हतं. काहीजण नातेवाइकांकडं पांगले. उरलेल्या एकोणीस घरांना जुन्या मोंढ्यामागं पत्र्याचे शेड दिले. तात्पुरते म्हणाले. आम्ही अजून तिथंच आहोत.

गल्लीनं साहेबाला शिव्या दिल्या नाहीत. बापाला दिल्या. शेजारची सरूकाकू, जिनं मला आईमागं वाढवलं, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "गावाला सांगितलंस, आमालाच चोरून ठिवलंस." त्यानंतर ती आमच्याशी बोलली नाही. बापानं कुणाला काही समजावलं नाही. कागद पोरीनं वाचला होता, हेही त्यानं कधी तोंडातून काढलं नाही. मी बोलीन म्हणून त्यानं वाट बघितली का, ते मला माहीत नाही. मी बोलले नाही.

पुढं त्याची बोटं थांबेनात. जेवताना ताटाच्या काठावर, बसला की पत्र्याच्या भिंतीवर. दोन लांब, तीन जवळ. मी ओरडायची, "आबा, बास करा की." तो हात मांडीखाली दाबून बसायचा. दोन वर्षांनी गेला. अंगाला पाणी घालताना मी त्याची बोटं सरळ करून बघितली. अंगठ्यावर शाईचा डाग नव्हता. असेल असं मला का वाटलं होतं, कुणास ठाऊक.

आता तिथं तीन मजली संकुल आहे. आमच्या गल्लीतलं एकच उरलंय, कोपऱ्यातला हापसा. त्याला पाणी नाही, पण उपटायचा राहून गेला. हापशापासून अकरा पावलं चाललं की आमचा उंबरा होता. आज तिथं मोबाईलचं दुकान आहे. रिचार्ज मारायला गेलं की मी काउंटरपुढं उभी राहते ती जागा बापाच्या अंथरुणाची. दुकानदार शटर ओढतो तेव्हा पत्रा वाजतो. दरवेळी वाटतं, मागं कुणीतरी हलगी काखेत घेऊन मुक्यानं चाललंय. वळून बघते. मोटारसायकली असतात.

मी पालिकेच्या आवाराबाहेर टेबल मांडून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरते. बाप गेल्यावर दवंडीच्या वहीत वारस म्हणून माझं नाव चढवलं होतं. काम काही नव्हतं, कचऱ्याच्या गाडीवर भोंगा आला होता. गेल्या महिन्यात हेडक्लार्क स्वतः टेबलाशी आले. बापाचा अंगठा ह्यांनीच घेतला होता. केस पांढरे झालेत आता.

"पोरी, एक सही पायजे," म्हणाले, आणि कागद पुढं सरकवला.

अहवाल टाइप करून तयार होता. सर्व भागांत दवंडी दिली. तारीख उद्याची.

मी म्हटलं, "उद्याचं आज कसं लिहिलं?"

"अगं, आता कोण वाजवतंय? भोंग्याची गाडी फिरणार हाय. कागदाला दवंडी लागती म्हणून. तुमच्या घराण्याचा मान हाय तो, म्हणून तुझ्याकडं आलो."

"गाडी आमच्या शेडाकडं येती का?"

"तिकडं गाडीला रस्ता कुठाय?"

मी कागद वाचला. पुनर्विकास, दुसरा टप्पा. ह्यावेळी मी घाई केली नाही. क्रमांक सहाशे दोन ते सहाशे वीस. पर्समधून शेडाची पावती काढली. नऊ वर्षं ती माझ्या पर्समध्ये आहे, मी तिच्याशिवाय घराबाहेर पडत नाही. आमचा सहाशे पाच. टेबलाच्या कडेवर काहीतरी वाजत होतं. बघितलं तर माझीच बोटं. दोन लांब, तीन जवळ.

मी हात उचलला आणि कागदाचा मोबाईलवर फोटो काढला. मग कागद परत दिला.

"सही करणार न्हाय."

हेडक्लार्कांनी कागदाची घडी केली. "तुझा बाप असा नव्हता गं."

"न्हवता. तुमी हसायला बोलावलं, तरी ते फेटा बांधून आले."

ते उठले. जाताना आवाज न चढवता म्हणाले, "हे टेबल पालिकेच्या जागेत हाय, ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी टेबल नालीत उलटं पडलेलं होतं. आता मी तहसीलच्या पायऱ्यांवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते. गिऱ्हाईक निम्मं झालंय.

पण त्याआधी, सही नाकारली त्याच संध्याकाळी ऊन उतरायला मी घरी गेले आणि खुंटीवरची हलगी काढली. तुराट्यांचा जाळ करून शेकली. आमच्यात बाई हलगीला हात लावत नाही. कुणी अडवलं नाही, कुणी बरं केलंस असंही म्हणालं नाही. माझा ठोका वाकडा पडत होता. मनगटाला सवय नव्हती, पण कान तयार होते. बापाची वाट मी धरली नाही. कापडलाइनीत गेलेच नाही. पहिला ठोका आमच्या शेडांच्या बोळात मारला.

"ऐका हो ऐका. सहाशे दोन, लक्ष्मीआत्याचं घर. सहाशे तीन, भीमादादाचं. सहाशे चार, तुकाराममामाचं. सहाशे पाच, माझं."

असे एकोणीस नंबर. एकोणीस दारं. सरूकाकू तिच्या दारात येऊन उभी राहिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं सरळ बघितलं.

"सहाशे सात, काकू. तुमचं."

"तुझ्या बापानं हे तवाच केलं असतं तर?"

हलगी माझ्या हातात होती. मी बोलले. "काकू, कागद म्या वाचला हुता. आपला नंबर त्यात हुता. म्या बघितला न्हाय. आबाला म्हाईत नव्हतं."

तिनं जवळ घेतलं नाही. माफही केलं नाही. आत गेली, पिशवीतून पावती आणली आणि माझ्या हातात कोंबली.

"आता तरी नीट वाच," म्हणाली.

मी एकोणीस हरकती लिहिल्या. प्रत्येकीची पोच शिक्क्यासह घेतली, मुदतीच्या आत. पोचपावत्या माझ्या पर्समध्ये आहेत, शेडाच्या पावतीशेजारी. शेड वाचतील का, सांगता येत नाही. मशीन पुन्हा येईल, असं मला आतून वाटतं. बापाचं मुकं चालणं अजून माझ्या मागं आहे, आणि ते जाणार नाही हे मी धरून चाललेय.

सोमवारी सुनावणी आहे, त्याच सभागृहात. परवा शिपाई येऊन सांगून गेला, "हलगी घेऊन बोलावलंय." मी त्याला म्हटलं, हलगी यायची न्हाय. तिचं काम बोळात झालं. ती खुंटीला राहील. मी एकोणीस कागद घेऊन जाईन. भिंतीला धरून उभी राहणार नाही. बाप जिथं उभा होता, त्या मधल्या जागेत उभी राहीन आणि एकेक नंबर वाचीन. त्यामागं कुणाचं घर आहे ते नावानिशी सांगीन. साहेब "पुढचा विषय" म्हणाला, तरी एकोणीसही नावं पुरी होईस्तोवर मी तिथून हलणार नाही.