कडब्याखालची काशम्मा

"माझा जन्म अक्कलकोटचा. आमी कुटनं पळून आलो न्हाय," काशम्मानं सांगून टाकलं.

तिचा नातू अमरेश चकित झाला. "आज्जी, तूच तर सांगायचीस की..."

"तू गप."

समोर बसलेली ऋतुजा पुण्याहून सोलापूरला आली होती. यादवीत घरदार सोडावं लागलेल्या माणसांवर तिचं संशोधन चाललं होतं. रझाकारांच्या धुमाकुळात निजामाच्या मुलखातून जी कुटुंबं इकडं पळून आली, त्यांत काशम्माचं एक. तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती.

"भाषा कुठली, धर्म कुठला, शेजारी कोण, हे सगळं कशाला पायजे तुमाला?" काशम्मानं विचारलं. "आमच्या गावातबी एकजण असाच गोड बोलत हिंडला होता. मागनं घरं पेटली."

ऋतुजा उठून गेली. गल्लीतल्या रेश्माकडंही ती चौकशी करून गेल्याचं कळलं, तेव्हा तर काशम्माचा संशय पक्काच झाला.

तरी ऋतुजा पुन्हा आली. तुम्ही ऐकून हो म्हटल्याशिवाय काही छापणार नाही, असं तिनं कबूल केलं. काशम्मानं तिला फोन बंद करून खिडकीत ठेवायला लावला.

"आमाला शेजारच्या उस्मानचाचांनी वाचवलं," ती म्हणाली. "बैलगाडीत कडब्याखाली निजवून शिवेपार आणलं. वाटेत कुणी गाडी अडवली, तर म्हणाले, जनावरांची वैरण हाय."

"मग पुढं ते कुठं गेले?"

"निजामाचं राज्य गेलं. आमचे लोक गावात परतले. चाचांचं घर जाळलं, त्यांना मारून टाकलं. त्या जमावात माझे सख्खे काका होते." काशम्मानं पदर तोंडाला लावला. "तुमी अर्धंच लिहिणार. पयलं तरी, न्हायतर दुसरं तरी."

"दोन्ही लिहीन, आजी."

"बघू की."

महिन्याभरानं ऋतुजा लिहिलेली पानं घेऊन आली. काशम्माला वाचता येत नव्हतं. तिनं ती अमरेशकडून वाचून घेतली. मग त्याला बाहेर पाठवून रेश्माला बोलावलं आणि तीच पानं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली. दोघांच्या वाचण्यात काही फरक निघाला नाही.

"छापा," काशम्मा म्हणाली. "चाचांचं नाव ठेवा. काकांचं घालू नका, त्यांची नातवंडं हितंच राहत्यात."