पाय धुण्याचा रविवार

डेल्सी स्लोनच्या हाताला चव होती आणि मनात डूख राहायचा. केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या खोऱ्यात पहिल्या गोष्टीचं कौतुक सगळ्यांनी केलं, कारण निम्मं खोरं शाळेच्या खानावळीत तिच्या हातचं खाऊनच वाढलं होतं. दुसरी गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नाही.

नवरा होबर्ट खाणीतल्या धुळीने छाती भरून गेला. मागे उरली ती त्याची बहीण, आयसी. ही नणंद जिभेची फटकळ. एखादी गोष्ट तिच्या कानावर पडली की ती गावभर झालीच म्हणून समजा.

दोघींनाही साखरेचा आजार होता. त्यात नवल काही नाही. आमच्याकडे साखर नसलेलं माणूस दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी डेल्सीला नवी गोळी सुरू केली. साखर उतरली, पण काही महिन्यांनी अंगाला खाज सुटली. आधी नडग्या, मग दंड. मग टच्च भरलेले, द्राक्षासारखे फोड उठले. नर्सबाई म्हणाल्या, "ढेकूण असतील, चादरी उकळा." गोळीवर कुणाचा संशय जातो? डेल्सीने चादरी उकळल्या, गादी अंगणात नेऊन जाळली. त्या गादीचा धूर आयसीने पाहिला. ढेकूण तिने ऐकले होतेच, खरूज तिने पदरची घातली.

आमच्या चर्चमध्ये ऑगस्टातल्या एका रविवारी एकमेकांचे पाय धुतात. बायका बायकांचे, पुरुष पुरुषांचे. कमरेला टॉवेल बांधायचा, तसराळ्यात पाणी घ्यायचं आणि जिच्याबद्दल मनात अढी असेल तिच्यापुढे आधी गुडघे टेकायचे. होबर्ट गेल्यापासून डेल्सीचे पाय आयसीच धुवायची. त्या वर्षीही ती आली. डेल्सीच्या नडग्या पाहिल्या आणि तशीच उभी राहिली.

"मला नातवंडं आहेत, बाई," ती शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाली. "खरूज घरी न्यायची नाही मला."

आणि तसराळं उचलून ती शेजारणीपुढे बसली. डेल्सीकडे दुसरी कुणीही आली नाही. सगळ्यांचे पाय धुऊन होईपर्यंत ती उघड्या पायांनी बसून राहिली. नंतर झाडांखाली जेवणं झाली. तिने घरून आणलेल्या पातेल्यातल्या डंपलिंगला, कोंबडीच्या रश्शात शिजवलेल्या कणकेच्या गोळ्यांना, कुणी चमचा लावला नाही. ते भरलं पातेलं तिने घरी आणून कुत्र्यांपुढे ओतलं आणि मोठ्याने म्हणाली, "आयसी, तू हे परत घेशील. त्याच चर्चमध्ये, त्याच तोंडाने."

हिवाळ्यात तिला लेक्सिंग्टनला कातडीच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी कातडीचा तुकडा काढून तपासला. "तुमची साखरेची गोळीच अंगावर उलटली आहे," ते म्हणाले. "क्वचित कुणाला होतं असं. पण हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही." गोळी बदलली, मलम दिलं. वसंत येईतो पायांवर नुसते तपकिरी डाग राहिले.

दुसरी कुणी असती तर डॉक्टरांचं बोलणं घरोघर सांगत सुटली असती. डेल्सीने ताकास तूर लागू दिली नाही. आपण सांगितलं तर लोक सारवासारव म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. सांगायला आयसीच हवी होती.

मे महिन्यात कबरींवर फुलं वाहायच्या दिवशी दोघी डोंगरावर भेटल्या. आयसी एका पायाच्या बुटाने दुसरी नडगी घासत होती.

"काय गं, काय झालं?"

"गवत लागलं असेल. रात्रभर खाजवतेय."

"गोळी बदलली का गं तुझी?"

"हो ना! तुला दिली होती तीच. साखर कशी झर्रकन उतरली!"

"छान झालं," डेल्सी म्हणाली आणि होबर्टच्या कबरीवरची प्लास्टिकची फुलं नीट करत बसली. एका वाक्याने काम झालं असतं. ते वाक्य तिने गिळलं आणि ते तिला गोड लागलं. लपवण्यात अर्थ नाही.

ऑगस्ट आला. त्या उकाड्यात आयसी जाड मोजे आणि लांब बाह्या घालून अगदी मागच्या बाकावर बसली. डेल्सीने टॉवेल बांधला, तसराळं भरलं आणि थेट तिच्यापुढे जाऊन गुडघे टेकले. बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. बघा, किती मोठं मन!

"नको गं, डेल्सी. पुढच्या वर्षी."

"पाय धुवायला आलेल्या बाईला नाही म्हणायची रीत नाही आपल्यात. गेल्या वर्षीपर्यंत तरी नव्हती."

डेल्सीने तिचे मोजे उतरवले. फुटलेल्या फोडांना मोजा चिकटला होता, तो पाणी लावून सोडवावा लागला. शेजारच्या बायका सरकल्या, मग उठल्याच.

"ही खरूज नाही गं, देवाशपथ," आयसी कुजबुजली. ती रडत होती.

"माहीत आहे मला. गोळीने होतं हे. माझंही तिनेच झालं होतं."

"मग सांग ना यांना!"

"सांगते की. आधी तू ऊठ. माझ्याबद्दल बोललीस ते मोठ्याने बोललीस. आता परतही मोठ्यानेच घे."

आयसी अनवाणी उभी राहिली. पाय धुताना चाललेलं गाणं थांबलं. "डेल्सीला खरूज नव्हती," ती म्हणाली. "ते मी पदरचं सांगितलं होतं."

"आणि माझं जेवण?"

"तिचं जेवणही चांगलं होतं."

डेल्सीने शब्द पाळला. डॉक्टर काय म्हणाले ते तिने सगळ्यांना सांगितलं. सरकलेल्या बायका ओशाळून जागेवर येऊन बसल्या. गाणं पुन्हा सुरू झालं. डेल्सीने आयसीचा एक पाय धुतला, फोडांना धक्का न लावता पुसला.

"तुला कधी कळलं, मला तेच झालंय म्हणून?" आयसीने हळूच विचारलं.

"मे महिन्यात. डोंगरावर."

आयसी आपल्या नडग्यांकडे बघत राहिली. "तेव्हा मला नुसती खाज होती, डेल्सी."

"हो," डेल्सी म्हणाली. "दुसरा पाय दे."