चहावर ठेवलेला डाव

अश्वजीतसमोर गेमचा विषय काढायचा नाही, हे त्याच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. काढलात की मेलात. वीज खात्यातला हा चाळिशी उलटलेला, एरवी मान खाली घालून फायली सरकवणारा माणूस एकदम खुर्ची ओढून बसायचा आणि तुमचा डबा गार होईपर्यंत बोलत राहायचा. लग्न झालेलं नाही, दारू नाही, राजकारण नाही. सगळी हौस एका जागी साचली होती.

त्याची मतं म्हणजे दगडावरची रेघ. कॉम्प्युटरवर खेळतो तो खरा खेळाडू, कारण त्याला आधी मशीन समजून घ्यावी लागते. कार्ड कोणतं, पंखा कोणता, मे महिन्यात जबलपूरच्या उन्हात मशीनचा डबा तापला तर काय करायचं. पण त्यात एक खोट. कॉम्प्युटरवाला घराकडे पाठ करून बसतो. घरात कोण आलं, कोण गेलं, त्याला पत्ता नसतो. कन्सोल त्यापेक्षा माणसातला. तो टीव्हीखाली बसतो, दोघं शेजारी बसून खेळतात, हरलेला जिंकलेल्याच्या पाठीत धपाटा घालू शकतो. आणि हातातला गेम? तिथं अश्वजीत नाक मुरडायचा. ‘‘तो बसस्टँडवरचा खेळ आहे, यार. टाइमपास. गाडी आली की खिशात.’’

वरच्या मजल्यावरचा उल्हास हे ऐकून पेटायचा. बँकेत बदली होऊन पुण्याहून जबलपूरच्या विजय नगरात आलेला हा पोरगेला अधिकारी आपला महागडा हातातला गेम काखोटीला मारूनच फिरायचा. रविवारी दोघांची जुंपायची. उल्हास म्हणायचा, ‘‘अहो, आता सगळे मोठे गेम यावर चालतात. झोपून खेळा, गच्चीत खेळा.’’ अश्वजीत म्हणायचा, ‘‘झोपून जेवतो का माणूस? मग झोपून खेळता काहून?’’

आणि या भांडणात खाटेवरून तिसरा आवाज यायचा. ‘‘आणि माहं काय?’’

ती चंपाबाई, अश्वजीतची आई. मांडीवर तिचा पिवळा गेम, हाताच्या पंजात मावणारा, वरून चौकोनी तुकडे पडतात आणि खाली ओळी जुळवायच्या, तो. दोन पेन्सिल सेलांवर चालणारा. ‘‘तुहं डबडं आहे, आई,’’ अश्वजीत म्हणायचा. ‘‘ते यात धरत नाहीत.’’

‘‘नका धरू बाप्पा,’’ चंपाबाई म्हणायची आणि पुढचा तुकडा बसवायची.

आता त्या डबड्याचीही गोष्ट ऐका. ते मुळात अश्वजीतचंच. त्याचा बाप सुखराम भंडाऱ्याकडून इथल्या कारखान्यात कामाला आला आणि पोरं शाळेत असतानाच गेला. त्याच्या जागी चंपाबाई लागली. त्या साली कार्तिकातल्या जत्रेला तिनं दोन्ही पोरांना भेडाघाटला नेलं. धाकट्या ममताला संगमरवराचा हत्ती घेतला आणि अश्वजीतनं एका दुकानापुढे पाय रोवले ते हा गेम घेईपर्यंत हलला नाही. थोडे महिने तो गेम उशीखाली घेऊन झोपला. मग टीव्हीला लावायचा कॅसेटवाला गेम आला, मग ओमती भागातल्या एका सायबर कॅफेत कॉम्प्युटर दिसला आणि पिवळा गेम पडून राहिला. चंपाबाईनं तो उचलला. नव्या पॅन्टचे गुडघे फाटले की त्याच पॅन्टची पिशवी शिवणारी बाई ती. टाकून काय द्यायचं, म्हणून खेळायला लागली, आणि मग त्यात अशी रमली की पोरगा एकामागून एक मशिनी बदलत गेला तरी हिचं पिवळं डबडं काही सुटलं नाही.

त्या गेममध्ये थांबायचं बटण दाबलं की पडद्याच्या कडेला चहाचा एक छोटा कप लुकलुकायला लागे, वर वाफ निघत असलेला. ममता सासरी गेल्यावर कधीतरी चंपाबाईला ते बटण सापडलं, आणि त्या कपाचं भारी कौतुक. ‘‘पाय, मशीनच म्हणून राहिली, चहा पी.’’ झालं, तेव्हापासून त्या घरात थांबणं म्हणजे चहा. दूध उतू जायला लागलं की ती गेम अश्वजीतच्या हातात कोंबायची आणि धावता धावता ओरडायची, ‘‘चहा ठेव रे!’’ पहिल्यांदा तो खुळा खरंच गॅसजवळ गेला, पातेलं चढवलं आणि इकडे तिचा डाव बुडाला. पुढे सवय पडली. भर लढाईत दारावर कोणी आलं की अश्वजीत आपल्या कन्सोलपुढून उल्हासला सांगायचा, ‘‘चहावर ठेव,’’ आणि उल्हास बिचारा स्वयंपाकघराकडे बघायचा.

चंपाबाईची दुसरी खोड सेलांची. घरात वापरात नसलेल्या कोणत्याही वस्तूत सेल राहू द्यायचे नाहीत. ‘‘सेल पाणी सोडते,’’ हे तिचं ठरलेलं. एकदा सुखरामची टॉर्च तशी सडली होती, तेव्हापासून धास्ती बसली. नागपूरला दीक्षाभूमीला निघाली की घड्याळ, रिमोट, टॉर्च, सगळ्यांचे सेल काढून वाटीत. ममताला सासरी पाठवतानाही तिनं जे चार शहाणपणाचे शब्द सांगितले त्यात हे होतं. फक्त पिवळ्या गेमचे सेल कधी निघायचे नाहीत, कारण ते काढले की आतलं सगळं पुसलं जायचं. तिचा सगळ्यात मोठा आकडाही जायचा. सेल संपून बदलावेच लागले की ती चार दिवस हळहळायची. शेवटी अश्वजीतनं एका जुन्या चार्जरच्या वायरी त्या गेमच्या पोटात जोडल्या. सेल बदलायचे तेव्हा तेवढ्यापुरती वायर लावायची, आतला जीव शाबूत राहायचा. ‘‘तुह्या डबड्याला सलाईन लावतो,’’ असं म्हणत तो हे करायचा. गेमला नावं ठेवायची आणि त्यासाठी दुपार घालवायची, असा हा माणूस. पण आईबरोबर एक डाव कधी खेळला नाही. ती म्हणायची, ‘‘ये ना, एक तू, एक मी.’’ तो म्हणायचा, ‘‘आई, मोठ्या गेममध्ये गुंतून राहिलो.’’

यंदाच्या उन्हाळ्यात चंपाबाईला दम लागायला लागला. एका सकाळी खाटेवर बसून खेळता खेळताच ओठ काळेनिळे पडले. अश्वजीतनं रिक्षा बोलावली. तिला उचलायला गेला तर ती हातानं थांब म्हणाली, अंगठ्यानं बटण दाबलं, कप लुकलुकला, आणि गेम तिनं टीव्हीच्या फळीवर, त्याच्या कन्सोलशेजारी, हलक्या हातानं ठेवला.

दवाखान्यात ती बोलत होती. दुसऱ्या दिवशी तर चेहरा बराच उजळला. अश्वजीत मोसंबी सोलत होता तेव्हा म्हणाली, ‘‘माहा डाव चहावर आहे रे.’’

‘‘आहे. कोणी हात नाही लावला.’’

‘‘डाव्या कडेला खड्डा ठेवला मी. उभी दांडी पाहिजे होती, ती येऊन राहिली होती. वरच्या कोपऱ्यात दिसते, पाय. तू लाव. चार ओळी जाते एकदम.’’

‘‘तूच येऊन लाव,’’ तो म्हणाला. ‘‘मी डबड्याला हात नाही लावत.’’

हे त्यानं तिला धीर यावा म्हणून म्हटलं. तिलाही ते कळलं असावं. पण ती म्हणाली, ‘‘सेल जाईल ना तवर.’’ तो हसला. तिनं मोसंबीची फोड तोंडात घेतली. त्या रात्रीनंतर तिचं बोलणं थांबलं आणि पुढं ती घरी आली ती पांढऱ्या चादरीत.

अश्वजीत रडला नाही. लोक म्हणाले, धक्का बसला आहे. धक्का वगैरे काही नव्हता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती फळीवरची. कप लुकलुकत होता. वरच्या कोपऱ्यात उभी दांडी दिसत होती, डाव्या कडेचा खड्डा दिसत होता, सगळं तिनं ठेवलं तसं. एक बटण दाबायचं, दांडी डावीकडे सरकवायची, खाली सोडायची. कोणालाही जमलं असतं. पण आपण ती लावली की तिचा तिथला शेवटचा हात पुसला जाणार, मग तो डाव आपला होणार, आणि आपल्या हातून तो बुडणारच, हे त्याला सहन होईना. आणि न लावावी तर तिनं सांगितलेलं एवढंसं कामही केलं नाही. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांना हात जोडताना तो मधूनमधून फळीकडे बघून घ्यायचा. हे कोणाला सांगणार? घोड्यासारखा वाढलेला माणूस खेळण्यासाठी झुरतो, असं म्हणाले असते. मोठमोठ्या मशिनींवर मतं देणारं त्याचं तोंड इथं उघडेना.

पडदा फिका पडायला लागला तशी त्यानं वायर लावून एकदा सेल बदलले. कप विझला नाही. घाईत घरातलेच जुने घातले, रिमोटमधले. ते फार टिकणार नव्हते.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ममता बालाघाटहून पुन्हा आली. ती लग्न होऊन गेली तेव्हा अश्वजीत नोकरीलाही लागला नव्हता. आईचा गेम तिला ठाऊक होता, पण तिच्यामागं सुरू झालेला त्या घरातला चहा तिला ठाऊक नव्हता. सकाळी भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीनं बसली. भंतेजी म्हणाले की जे आपल्याकडे सोपवलं गेलं ते पूर्ण करणं हीच गेलेल्याची आठवण. ते चंपाबाईच्या दानाबद्दल, शिकवणीबद्दल बोलत होते. अश्वजीतला मात्र उभी दांडी आठवली, आणि तिथं बसल्या बसल्या त्याचं ठरलं. आज पाहुणे गेले की ममताला शेजारी बसवायचं आणि आईचा डाव खेळायचा. बुडाला तर बुडाला. तिनं सांगितलं होतं, लाव म्हणून. कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास आला. जेवणं झाल्यावर तो उल्हासची गाडी घेऊन ओमतीत गेला आणि दुकानातले चांगल्यातले चांगले सेल मागून घेतले. उल्हास मागे बसला होता. त्याला अश्वजीत म्हणाला, ‘‘हातातल्या गेमबद्दल मी चुकीचं बोलत होतो रे.’’

परतला तेव्हा घर रिकामं झालं होतं. सतरंज्या गुंडाळलेल्या, फरशी पुसलेली, खाट भिंतीला लावलेली. टीव्हीची फळी स्वच्छ होती आणि तिच्यावर एकटा कन्सोल होता.

‘‘ममता, इथला गेम?’’

‘‘आईचा? ठेवला ना पेटीत.’’ ती पदराला हात पुसत आली. ‘‘तिच्या रुमालात बांधून ठेवला, नीट. त्यात कप लुकलुकत होता, मले वाटलं सेल संपल्याची खूण आहे. म्हटलं, राहिले तर पाणी सोडतील. काढून टाकले.’’ मग तिचा आवाज ओला झाला. ‘‘आईनं शिकवलेलं अजून विसरली नाही मी, दादा.’’

अश्वजीतनं पेटी उघडली. रुमालाची गाठ आईसारखीच घातली होती, दुहेरी. गेमचा पडदा राखाडी, कोरा. डावीकडे सरकवायच्या बटणावरचा रंग चंपाबाईच्या अंगठ्यानं कधीचाच उडून गेला होता. सेलांची जागा ममतानं कापडानं पुसूनसुद्धा ठेवली होती.

‘‘चूक झाली का काही?’’ ममतानं विचारलं.

तिच्यावर रागवावं असं काय होतं? आईच तर बोलत होती तिच्या तोंडून. ‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘बरं केलं.’’

तो खाटेच्या कडेला बसला. खिशातले नवे सेल मांडीला टोचत होते, ते काढून त्यानं शेजारी ठेवले. गेम हातातच होता. त्यानं अंगठा त्या रंग उडालेल्या बटणावर ठेवला, आईचा अंगठा जिथं असायचा तिथं, आणि दाबलं. कोऱ्या पडद्यावर काहीच सरकलं नाही. त्यानं पुन्हा दाबलं.

ममता त्याच्याकडे बघत होती. सकाळपासून याच्या पोटात काही नाही, तोंड उतरलं आहे, एवढंच तिला दिसलं. ती हळूच म्हणाली, ‘‘दादा, चहा ठेवू?’’

आणि दवाखान्यातून निघाल्यापासून जे आलं नव्हतं ते आलं. गेम छातीशी धरून अश्वजीत लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. ममता घाबरून त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, काय झालं, काय झालं म्हणत. बऱ्याच वेळानं त्यानं नाक पुसलं आणि म्हणाला, ‘‘ठेव.’’

ती उठून आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, मग पातेल्यात पाणी ओतल्याचा.