बिनराबाचे वाफे

शिष्यवृत्तीच्या अर्जाला फोटो लागतो आणि फोटोला कोट लागतो, असा कर्जतच्या फोटोवाल्याचा ठाम समज होता. त्याच्या दुकानात खुंटीला एकच काळा कोट लटकत असे. तालुक्यातले निम्मे नवरदेव आणि नोकरीचे झाडून सगळे उमेदवार त्याच कोटात फोटोला बसले असतील. मला तो खांद्यांत ढगळ व्हायचा, म्हणून फोटोवाल्याने पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून आवळला. फोटोत मी शेतकी पदवीधर अजिबात दिसत नव्हतो. धरून आणून बोहल्यावर उभा केलेला माणूस दिसत होतो.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. शेतकीची पदवी घेऊन मी कशेळ्याजवळच्या आमच्या गावी परतलो होतो. मुंबईतली एक विश्वस्त संस्था भातावर संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्याला पुढच्या शिक्षणाचा सगळा खर्च देणार होती. एकालाच. ती शिष्यवृत्ती मिळाली नाही तर काय, याची सोय शिळफाट्याच्या मामाने करून ठेवली होती. खोपोलीच्या एका कारखान्यात गेटवर बसायचं आणि आत-बाहेर जाणाऱ्या ट्रकांची नोंद ठेवायची. "शेतकी शिकून पुन्ना शेतकीच शिकायची, तर पयल्यांदा काय केलंस रं?" असं मामा विचारायचा. मला फक्त गेटवर बसायचं नव्हतं, आणि त्यासाठी मी पृथ्वीवरच्या कुठल्याही पिकावर संशोधन करायला तयार होतो.

अर्जाबरोबर दाखले हवे होते. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याकडून, चारित्र्याचा एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याकडून. ज्या अधिकाऱ्याने मला 'गेली अनेक वर्षं व्यक्तिशः ओळखतो' असं लिहून दिलं, त्याने सही करताना मान वर करून पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर कदाचित चारित्र्याबद्दल शंका आली असती. शेवटी एक अट होती, की अर्जदाराने स्वतःच्या शेतात छोटासा प्रयोग मांडावा, संस्थेचा माणूस पावसाळ्यात येऊन तो बघेल.

माझा विषय होता राब. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी, उन्हाळ्यात, ती जमीन भाजून घेतात. शेण, ऐनाच्या तोडलेल्या फांद्यांचा वाळका पाला, गवत, वर माती, असे थर लावून वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवायचं. तो जळाऊ माल म्हणजे राब. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की ही अडाणी चाल आहे, यात रान बोडकं होतं, बंद करा. मी अर्जात लिहिलं की खरं काय ते मोजून बघतो. काही वाफे राब देऊन भाजायचे, काही तसेच सोडायचे, बियाणं एकच, आणि मग रोपांत फरक किती पडतो ते बघायचं. यात बुद्धीचा भाग फारसा नव्हता, पण अर्जात ते मी असं काही लिहिलं होतं की वाचून मलाच माझा आदर वाटला.

चैत्रात मी घराजवळच्या तुकड्यात खुंट्या ठोकून वाफे पाडले. निम्मे भाजले, निम्मे उघडे ठेवले. बाबा बांधावर उभे राहून बघत होते.

"ह्ये राह्यले की रं," ते म्हणाले.

"राहू द्या. त्यांना हात लावू नका. प्रयोग हाय."

"बरं," बाबा म्हणाले. पाऊस लागला की सगळ्या वाफ्यांत बी तेवढं त्यांनी टाकायचं ठरलं, आणि मी कॉलेजच्या गावी गेलो. अर्जावर एका प्राध्यापकांची संमती हवी होती. ते सहीच्या बदल्यात उमेदवाराकडून आपली रखडलेली कामं करून घेत. मी त्यांच्या गवताच्या नमुन्यांची पाकिटं भरत राहिलो, आणि उन्हाळा संपून पाऊस लागला तेव्हा कुठे त्यांना पेन सापडलं.

संस्थेचे साहेब वाफे बघायला यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी पोचलो आणि पिशवी खांद्यावर असतानाच वाफ्यांकडे गेलो. सगळे वाफे हिरवेगार. एकसारखे. बघणाऱ्याला दृष्ट काढावीशी वाटेल असं रोप, आणि उघडा वाफा कुठला ते खुंट्या बघूनही सांगता येईना.

"बाबा, उघड्या वाफ्यांना राब कुनी दिला?"

"मीच," बाबा म्हणाले. चांगले खुशीत होते. "तुला पाला पुरला नाय नं? मागायची लाज वाटली आसंल."

"हात लावू नका म्हणून सांगितलं होतं की."

"मानूस तसंच म्हनतो रं."

आमच्या गावात वाफा उघडा राहण्याचं एकच कारण असतं, त्या घरचा पाला कमी पडला. आणि तसं झालं तर शेजारचा माणूस न विचारता आपल्यातला चार भारे पाला आणून टाकतो. मागायला लावणं हलकटपणाचं समजतात. मी 'नको' म्हणालो याचा अर्थ बाबांनी गावच्या रीतीने 'संकोचतोय' असा लावला. मला खोपोलीचं ते गेट स्पष्ट दिसत होतं, आणि बाबांचा इतका राग आला होता की मी न जेवता ओटीवर पडून राहिलो. आईने ताट झाकून ठेवलं आणि बाबांना म्हणाली, "तुमी कशाला गेलाव मधी?"

सकाळी साहेब एसटीने आले. छत्री, गमबूट, गळ्यात मोजपट्टी. वाफे बघून म्हणाले, "छान आहेत. आता बिनराबाचे दाखवा."

मी खरं काय ते सांगून टाकलं. खोटं सुचलं असतं तर तेही सांगितलं असतं, पण सुचलं नाही. साहेबांनी मोजपट्टी गुंडाळली. "मग बघायचं काय?" ते म्हणाले, आणि परत जायला ओढ्याकडच्या बांधाने निघाले.

"सायेब, हिकडनं या, तिकडं चिखोल हाय," बाबा घाईने म्हणाले. चिखल सगळीकडेच होता. साहेब पुढे गेले, तेव्हा बाबा बांधावर आडवेच उभे राहिले. साहेबांनी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं, मीही बघितलं.

पलीकडे आमच्या घरचं रोप होतं. वर्षभराच्या भाताचं. पिवळं, विरळ, आणि रोपापेक्षा तण जास्त.

"हे कुणाचं?"

"आमचंच," बाबा खाली बघत म्हणाले. "औंदा राब द्याया जमलं नाय."

"का?"

बाबांनी पायाने बांधावरची माती दाबली. मग हळूच म्हणाले, "पोराच्या वाफ्यांना लागला."

"बियाणं तेच?"

"त्येच."

"रोप असं येईल हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"शेत आमचंच हाय सायेब. ठावं नसंल का?"

साहेब गमबुटांसकट त्या पिवळ्या रोपात उतरले आणि मोजपट्टी उलगडली. मीही मागोमाग उतरलो. रोपं उपटून त्यांच्या हातात देताना माझे डोळे भरून आले होते. पाऊस चालू होता म्हणून निभावलं. ज्याने प्रयोगाचं वाटोळं केलं असं मी आदल्या दिवशी समजत होतो, तो माणूस माझा बिनराबाचा वाफा आपल्या घरच्या भातातून भरून मोकळा झाला होता.

शिष्यवृत्ती मिळाली. मामाने गेटवर दुसरा भाचा बसवला. त्या वर्षी भात जेमतेम आलं, आणि आमच्या घरात उन्हाळाभर नाचणीची भाकरी होती. बाबा म्हणत, आपल्याला भात बाधतो. त्याआधी कधी बाधला नव्हता.

पुढे मी बाबांना पुष्कळदा समजावलं, की शिष्यवृत्ती हिरव्या वाफ्यांवर मिळाली नाही, तुमच्या पिवळ्या रोपावर मिळाली. ते नीट ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि कुणी पाहुणा आला की त्याला आपलंच सांगायचे.

"सायेब मोठा चांगला मानूस. ते पिवळं सगळं दिसलं त्येला, पन पोराचं नुकसान केलं नाय."